दाण्याची वीण

हातालाही विसर पडतो, हे मला यंदाच्या हिवाळ्यात कळलं.

महागावात आम्ही काही बायका दुपारच्या एकत्र बसतो. कुणी शेताच्या कामातून मोकळ्या झालेल्या, कुणी माझ्यासारख्या शाळेतून निवृत्त. दवाखान्यात जन्मणाऱ्या नाजूक बाळांसाठी लोकरीचे चौकोन विणायचे आणि ते जोडून पांघरुणं करायची, एवढाच आमचा उद्योग. एका दुपारी मी सहज बोलून गेले, की एकरंगी चौकोनापेक्षा दुरंगी जास्त गरम होतो. मला तशी एक वीण येते, दाण्याची.

"मंग दाखवा ना बाई," सगळ्यांनी सुया खाली ठेवल्या.

मी टाके घातले. दोन ओळी मरून रंगाच्या लोकरीच्या विणल्या, पांढरा धागा जोडला आणि थांबले. कोणता टाका विणायचा, कोणता न विणताच पलीकडच्या सुईवर सरकवायचा? परतीच्या ओळीत त्या सरकवलेल्या टाक्याचं काय करायचं? पांढऱ्या जमिनीवर मरून दाणे उभे राहिलेले मला स्पष्ट दिसत होते, ज्वारीच्या कणसावर दिसतात तसे. पण तिथवर जायची वाट बोटांतून पुसून गेली होती. मी दोनदा उसवलं. बायका समजूतदार, त्यांनी सोयाबीनचा विषय काढला.

तेव्हापासून चैन नाही. भाजी चिरता चिरता सुरी थांबते आणि बोटं हवेत टाके उचलू लागतात. दूध उतू जातं. मोबाईलवर शोधून पाहिलं. देशोदेशींच्या बायका तिथे झरझर विणतात, सुंदर विणतात, पण ती वीण त्यांच्यात नाही. एका जागी बसवेना, धड काही करवेना. आणि मग बाळू म्हणाला, की तो मुकुटबनला चालला आहे, माल आणायला.

बाळू माझ्या सिंधूताईचा मुलगा. त्याची माल वाहायची गाडी आहे.

"मी येतो तुह्यासंगं," मी म्हटलं.

"मुकुटबनले? कायले? तिथं आता कोन हाये आपलं?"

कोणी नाही, हे खरंच होतं. तरी मी पिशवीत सुया आणि दोन्ही लोकरी टाकल्या आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. आमच्या महागावापासून मुकुटबन म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. वाटेत तुरी उभ्या होत्या, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. सागाची मोठी पानं रस्त्यावर पडून गाडीखाली कुरकुरत होती. त्या कुरकुरीनेच सुरुवात झाली असावी. आधी वास आला. सरकीचा.

आमच्या मुकुटबनच्या घरात पुढची खोली हिवाळाभर कापसाची असायची. दार ढकललं की तो तेलकट, उन्हाने तापलेला वास अंगावर यायचा. आम्ही त्याच ढिगाच्या कडेला वळकटी टाकून झोपायचो आणि सकाळी माय आमच्या केसांतला कापूस वेचायची. अंगणात शेगडी, शेगडीवर तुरीच्या शेंगा उकडत ठेवलेल्या, त्यांच्या पाण्याचा हिरवट वास. पहाटे कापसाच्या बैलगाड्या निघायच्या; त्यांच्या चाकांचा आवाज गावाबाहेर गेला तरी कितीतरी वेळ ऐकू यायचा, कारण थंडीत आवाज लांबवर जातो. मी तेव्हा कॉलेजात जाऊ लागले होते. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

बाळ लवकर आलं. दिवस भरले नव्हते. का, कसं, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कुणी सांगितलं नाही. एका सकाळी मधल्या खोलीतून ओव्याच्या धुरीचा वास आला, बाबा अंगणात पाठ करून उभे होते आणि मायच्या ओंजळीत काहीतरी होतं. पाण्याने भरलेल्या तांब्यापेक्षा हलकं. त्याचं रडणं दाराची कडी हलावी एवढंच.

दवाखान्यातली सिस्टर येऊन गेली. यवतमाळला न्यायला हवं होतं, पण त्या थंडीत उघड्या गाडीतून इतक्या दूर न्यायचं तिच्याही मनाला पटेना. आईच्या छातीशी उघडं लावून ठेवा, ती म्हणाली, चमच्याने दूध पाजा, काही झालं तरी गार पडू देऊ नका. मायने नव्या कापसातला मऊ पांढरा कापूस निवडला, एकेक सरकी, एकेक काडी काढली आणि बाळाला त्यात गुंडाळलं. आमच्याकडे अशी लेकरं कापसातच वाढवायची रीत होती. कापसाची काय कमी होती!

मी मात्र घरभर फिरत होते. मधल्या खोलीच्या दारापाशी जायचं, आत पाहायचं, श्वास चालू आहे का ते बघायचं, विहिरीवर जायचं, रिकामीच घागर घेऊन परत यायचं, पुन्हा दार.

"एका जागी बस ना वं पोरी!" माय आतून ओरडली. "पायाले भिंगरी लागली का तुह्या? तू अशी फिरते त माह्या जिवाचं पानी होते."

"काही काम सांग मले."

"काय सांगू तुले काम? वाट पाहाचं काम हाये."

ते मला कधीच जमलं नाही. आजही जमत नाही.

आमच्या घरामागे एक खोली होती, भाड्याने दिलेली. तिथे बिमलाभाभी राहायची. तिचा नवरा यंत्राने जमिनीत खोल भोकं पाडून खालचा दगड तपासणाऱ्या लोकांत कामाला होता. दिवस दिवस रानात असायचा. भाभी उत्तरेकडच्या डोंगरांतली, म्हणून गावात तिला 'पहाडवाली' म्हणत. तिच्या खोलीतून सरसूच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलाचा वास यायचा, आणि आम्ही जवसाच्या तेलाची माणसं, आमच्या नाकात तो वास बसायचा. ती न्हाणीजवळच्या दगडावर उन्हात बसून विणायची. थंडी ही आमच्यापेक्षा तिच्या ओळखीची होती. आम्ही कुडकुडायचो तेव्हा ती हसायची.

त्या दिवशी ती हसली नाही. माझ्या फेऱ्या पाहत राहिली, मग हात धरून मला खाली बसवलं.

"रुई गीली होती है, फिर ठंडी पड़ती है," ती म्हणाली. "ऊन गीला हो, तब भी गरम रहता है. तेरे पास ऊन है?"

होती. कॉलेजात घालायला स्वेटर विणावं म्हणून वणीहून मरून लोकर आणली होती आणि पाठीचा भाग अर्धा करून टाकून दिला होता. तो मी घेऊन आले. भाभीने टोक शोधलं, मला दुसऱ्या बाजूने धरायला लावलं आणि माझं अर्धं स्वेटर आमच्या दोघींमध्ये सुर्रर करत उसवत गेलं.

"कंबल बनाने का टाइम नहीं," ती म्हणाली. "छोटे चौकोर बनाएँगे. एक बना, एक डाल दिया."

तसंच झालं. माझा पहिला चौकोन मी दुपारपर्यंत संपवला. भाभीने तो दोन बोटांत धरून पाहिला, वाकवला. तो वाकेना. पुठ्ठ्यासारखा झाला होता. माझ्या जिवाची सगळी ओढाताण त्या टाक्यांत आवळली गेली होती. तिने शांतपणे सुई काढून घेतली आणि उसवायला सुरुवात केली. मला रडू आलं.

"येळ नाही भाभी, राहू दे ना!"

"इतना कसके नहीं, पगली. ऊन में हवा रहनी चाहिए. हवा ही तो गरम करती है."

मी पुन्हा टाके घातले. हात सैल सोडायचा म्हणजे काय, ते त्या दगडावर बसून मी शिकत होते आणि कान मधल्या खोलीकडे लागलेले. तिकडून आवाज आला की टाका आवळायचा. आवाज आला नाही की आणखीच आवळायचा.

माझी लोकर पुरणार नव्हती, हे संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात उतरली तेव्हा भाभी एक पांढरा गुंडा घेऊन आली. नवी लोकर सरळ असते. ही भिजवलेल्या शेवयांसारखी वळ्यावळ्यांची होती.

"हे कुठून आनली?"

"पड़ी थी," ती म्हणाली आणि सुयांकडे पाहू लागली.

मग तिने मला दाण्याची वीण शिकवली. दोन रंग आलटून पालटून. एका रंगाच्या ओळीत मध्येमध्ये काही टाके विणायचेच नाहीत, नुसते सरकवायचे. त्यामुळे खालचा रंग वर चढून येतो आणि दाणा दिसतो. न विणलेल्या टाक्यामागून धागा आडवा जातो, म्हणून कापड दुपदरी होतं, जाड आणि तरी मऊ. मी चुकत होते, ती उसवत होती. तिची हिंदी, माझी वऱ्हाडी, आणि मध्ये नुसते हुंकार. "ये नहीं, ये. अब छोड़. अब ले. अब छोड़." तिची बोटं माझ्या बोटांवर असायची. ती गार कधीच नसत.

तयार झालेला चौकोन भाभी उंबऱ्यापाशी नेऊन द्यायची. उंबऱ्याच्या अलीकडून हात पुढे करायची, माय पलीकडून घ्यायची. भाभीला मूल नव्हतं; ती आत जायची नाही. शेजारच्या एक-दोघींनी मायच्या कानाला लागून काही सांगितलेलं मी पाहिलं होतं, आणि भाभीनेही ते न ऐकता ओळखलं होतं. एक चौकोन बाळाच्या टाळूवर गेला. एक छातीवर. एक पायांखाली. मरून-पांढऱ्या तुकड्यांत ते लेकरू खणाखणाने झाकलं जात होतं.

मग ती सकाळ आली. दव एवढं पडलं होतं की अंगणातला दगड ओला होता. माय आतून बाहेर आली ती चौकोन हातात घेऊनच. तिचा चेहरा पाहून मी भाभीशेजारून उठून उभी राहिले.

"दूध घेऊन नाही राह्यला," ती म्हणाली. "पाय गार पडले. सिंधूचं आंगच थरथरून राह्यलं, तिची ऊब त्याले कशी लागीन?" ताईला रात्रीपासून ताप चढला होता.

बाबा सायकल काढून सिस्टरला आणायला गेले. माय तिथेच उभी. तिच्या हातातला चौकोन पांढऱ्या बाजूने वर होता आणि ती त्याच्यावरून अंगठा फिरवत होती, त्या वळ्यावळ्यांच्या धाग्यावरून. आयुष्यभर जुनं उसवून नवं करणारी बाई ती. एकाएकी तिने मान वर केली.

"भाभी, हे कायचं उसवलं?"

 भाभीने दोन्ही तळवे समोरासमोर धरले. त्यांच्यामध्ये जेवढं अंतर होतं, तेवढ्या मापाचं. मग हात मांडीवर ठेवले.

मी ते अंतर पाहिलं, पण पाहिलंच फक्त. मायला लगेच कळलं. ती उंबऱ्यातून खाली उतरली, भाभीसमोर येऊन उभी राहिली.

"आत या," ती म्हणाली.

"मैं? नहीं अम्मा. मैं नहीं आती. लोग क्या..."

"लोकायले मी पाहून घेईन. माह्या नातवाले ऊब पायजे. या आत."

आणि तिने भाभीचा हात धरून तिला उंबरा ओलांडायला लावला.

भाभी भिंतीला पाठ टेकून बसली. मायने कापूस बाजूला केला, बाळाला उघडं करून भाभीच्या छातीशी दिलं, शालीच्या आत, आणि त्याच्या पाठीवर, डोक्यावर, पायांवर एकेक करून सगळे चौकोन रचले. भाभीने डोळे मिटले. ओव्याच्या धुरीत सरसूच्या तेलाचा वास मिसळला. ताई बाजेवर गोधडीत थरथरत पडली होती आणि टक लावून तिकडेच पाहत होती. मी दारात उभी होते, पुन्हा निघायच्या बेतात, विहिरीकडे, कुठेही.

"बुन," भाभी डोळे न उघडता मला म्हणाली.

मी सुया घेऊन उंबऱ्यात बसले, जिथे उन्हाची पट्टी पडली होती. अब छोड़. अब ले. अब छोड़. त्या सकाळी माझे हात पहिल्यांदा सैल सुटले. का ते मला सांगता येणार नाही. कदाचित घाबरायचं जेवढं होतं तेवढं संपलं होतं. माझ्या सुयांवरून जे कापड खाली उतरत होतं ते मऊ होतं, त्यात हवा होती, आणि मरून दाणे सरळ ओळीत येत होते.

बाबा सिस्टरला घेऊन आले तेव्हा ऊन माझ्या पायांवरून सरकून गेलं होतं. सिस्टर आत वाकली, शालीत हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला.

"गरम आहे," ती म्हणाली. "उठवू नका त्या बाईंना. असंच राहू द्या." तिने ताईला औषध दिलं, बाळाच्या ओठांना चमचा लावला. चमच्यातलं दूध खाली गेलं. कडी हलल्यासारखा तो आवाज आला. माय ज्वारीच्या पोत्यावर बसली आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

त्यानंतर भाभी रोज आत बसायची; ताईचा ताप उतरेपर्यंत आणि उतरल्यावरसुद्धा. बारशाला गावातल्या बायका आल्या. पाळण्याच्या एका टोकाला आत्या, दुसऱ्या टोकाला कुणी उभं राहायचं यावर कुजबूज चालली होती. मायने भाभीला हाताने धरून तिथे उभं केलं आणि सगळ्यांकडे एकदा पाहिलं. घुगऱ्यांचा वास सुटला होता. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला.

चौकोन जोडून आम्ही पांघरूण केलं. ते पुढे आमच्या घरात राहिलं नाही. गावात कुणाकडे नाजूक लेकरू जन्माला आलं की मागायला यायचे, माय द्यायची. एका घरून दुसऱ्या घरी, मग कुणाच्या लेकीसोबत दुसऱ्या गावी. कुठे थांबलं कोण जाणे. घर विकलं, माय-बाबा गेले, गाड्यांच्या चाकांचे ते लांबचे आवाज गेले. सरसूच्या तेलाचा वास कुठे आला की मी अजून वळून बघते.

बाळूने गाडी थांबवली. "हेच का मावशी?"

मी ओळखलं नसतं. घराच्या जागी पंक्चरचं दुकान होतं, मागच्या खोलीच्या जागी टायरांचा ढीग. ट्रक जात होते. न्हाणीचा दगड मी उगाचच शोधला, टायरांच्या मागे, नालीच्या कडेला, पुन्हा टायरांच्या मागे. दुकानवाला विचारू लागला, काय हरवलं बाई? मी काही नाही म्हटलं आणि गाडीत येऊन बसले. दार उघडं ठेवलं. ऊन मात्र तिथलं तेच, तिरपं. मी सुया काढल्या.

अब छोड़. अब ले. दोन ओळी आल्या, फसल्या. उसवलं. पुन्हा टाके घातले. यावेळी दाणे उभे राहिले, पण सरळ नाही, तिरके, पावसाच्या सरीसारखे कलते. भाभीची वीण ही नव्हे. मी कापड गालाला लावून पाहिलं. जाड होतं, मऊ होतं. गरम होतं. महागावच्या बायकांना मी हीच शिकवीन, दुसरी येत नाही तर काय करणार. असं मनाशी म्हटलं तरी बोटं पुन्हा उसवायला वळलीच. बाळूने वरून हात ठेवला.

"राहू दे ना मावशी. चांगली त दिसून राह्यली. कोनाची हाये हे डिझाईन?"

मग मी त्याला सांगितलं. त्याला एवढंच माहीत होतं, की त्याला कापसात ठेवलं होतं. भाभीचं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं. ताई त्या दिवसांबद्दल बोलत नाही. तो स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत राहिला. ट्रक आला की मी थांबायचे.

"तिनं थे पांढरं उसवलं," शेवटी त्याने विचारलं, "थे सोटर कोनाचं होतं?"

"लहान लेकराचं होतं. तिनं इनून ठेवलं होतं. घालाले कोनी आलंच नाही."

तो गाडीतून उतरला. उगाच टायरला लाथ मारून हवा पाहिली, दुकानवाल्याशी काहीतरी बोलला, दोन चहा घेऊन आला. माझा कप माझ्या हातात दिला. स्वतःचा प्यायला नाही.

"मंग गेली कुठं ते?"

"त्यायचं काम संपलं, यंत्र दुसरीकडं गेलं. होळीच्या आधी गेले. ट्रकात सामान टाकलं, ते समोर बसली. कुठं जातो म्हणून सांगतलं होतं तिनं, पन थे गावाचं नाव आमच्यातल्या कोनाच्याच ध्यानात नाही राह्यलं."

"जातानी रडली का?"

"नाही. मायच रडली. ट्रक सुरू झाला होता, तरी ते पुन्हा खाली उतरली. तुले माह्याजवळून घेतलं, छातीशी धरलं, उगीच वरखाली करून पाहिलं. मंग माह्या हातात परत देलं."

"काही बोलली नाही?"

"बोलली ना. हासत होती. म्हने, ले, पकड़. भारी हो गया."